पांढरं ठाण

स्ट्राउडच्या बाजारात दवंडी झाली:
पांढरं कापड आता समुद्र ओलांडणार नाही,
जाईल ते रंगूनच. खाली राजाची मोहोर.

अनॅनियस क्लिसोल्डने टोपी काढून ऐकलं,
घरी येऊन माग पुसला,
पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

लंडनचा निळा
डच व्यापाऱ्याने ओल्या बोटाने घासला,
बोट दाखवलं.
बस.

तेव्हापासून अकरा ठाणं माळ्यावर,
थॉमसिनचा चरखा भिंतीकडे तोंड करून.
मेंढ्यांना मात्र हुकूम कुणी वाचून दाखवला नाही;
लोकर वाढतेच आहे.

थंडी पडली तशी
तिने एक ठाण टराटरा फाडलं,
पोरांवर घातलं.
अख्ख्या जन्मात पहिल्यांदा
घरचं विणलेलं घरात.

टोचत होतं.
कुणी काढलं नाही.