सत्तरावा मग

कुमासी. उद्या शनिवार, अंत्यविधी.
सेरवाबाईंना सत्तर मग हवेत,
प्रत्येकावर नवरा.

कागदावर मी त्याला उलटा छापतो:
गालावरचा व्रण या गालाचा त्या गालावर,
आणि प्रेसमधून निघताना
पुन्हा आपल्या जागी.
एकशे ऐंशी सेकंद. टीट टीट.

एकोणसत्तर ओपुनी हसत थंड होत होते
तेवढ्यात वीज गेली.
अंधारात चाचपताना कागद सरकला असावा.
मेणबत्तीत पाहिलं, तर मगावर दोघे:
एक बसलेला,
एक त्याच्यातून अर्धवट उठलेला.

"हा फेकतो, बाई."

त्यांनी तो फडक्यात धरला, गरमच.
"मेला कधी
फोटोपुरतासुद्धा स्वस्थ बसला नाही."

पैसे सत्तरांचेच दिले.
दोनदा मोजून.