पुठ्ठ्यावरचे डाग

रोज रात्री आई गाडीखाली पुठ्ठा सरकवते,
मॅकरोनीचं खोकं उसवून सपाट केलेला,
आणि सकाळी कॉफीचे दाणे भाजण्याआधी
वाकून बघते.
"आज सात," म्हणते.
काल पाच होते.

फियाट अकराशे. वडिलांची.
रंग एकेकाळी पिस्त्याचा.
अकरा वर्षं अंजिराखाली उभी होती,
का, ते आमच्या घरात कुणी विचारत नाही.

मी वरचं झाकण काढून बुचाचं गॅस्केट बदललं.
तेल आलं.
चेंबरचं गॅस्केट बदललं, बोल्ट आवळले,
इतके आवळले की एकाचे आटे गेले.
तेल आलं.
मग क्रँकमागचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला,
तीन दिवस पाठीवर पडून,
कानात तेल, भुवयांत तेल, इंजेऱ्याच्या घासाला तेलाचा वास,
आणि चौथ्या सकाळी आई म्हणाली,
"नऊ."

लेतेब्रहानचं गॅरेज सिनेमाच्या मागच्या गल्लीत,
पाटीवर अजून नवऱ्याचं नाव.
ती आली ती बाळांना लावायची पावडर घेऊन.
"आधी आंघोळ घाल हिला, ओक्बाय."
रॉकेल, दात झडलेला ब्रश, माझा जुना शर्ट.
करडं इंजिन उघडं पडलं, जरा लाजल्यासारखं.
तिने त्यावर पावडर उडवली
आणि आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो.

बॉनेट उघडलं.
एक ओघळ शोधत होतो मी.
झाकणापासून, चेंबरपासून, माझ्या कोऱ्या सीलपासून,
जिथे म्हणून दोन धातू भेटतात तिथून
पांढऱ्यावर काळं उतरलेलं.
"गॅस्केट गेलं तर एका जागी रडतं," ती म्हणाली.
"हे आत कोंडलंय."

इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते,
बोटभर, खाली तोंड केलेली.
मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.
आग रामेश्वरी आणि माझा बंब सोमेश्वरी.
तिने तार घालून खरवडलं,
तळहातावर लाल माती पडली,
कुंभारमाशीचं घर,
आणि त्यात वाळक्या कोळ्याचे
चार की पाच पाय.

तेल थांबलं.
पाणी थांबेना.

मासावाहून वर येताना, नेफासितच्या वळणावर
काटा लाल पट्ट्यात जाऊन बसायचा.
मी थर्मोस्टॅट आईच्या पातेल्यात उकळून पाहिला: उघडतो.
रेडिएटर उलटा धुतला, चहासारखं पाणी निघालं,
मग बराच वेळ गढूळ, मग स्वच्छ.
पट्टा ताठ. पंखा फिरतोय.
"आपण ढगांच्या वर राहतो," लेतेब्रहान म्हणाली,
"इथे पाणी ब्याण्णवलाच उकळतं.
इथे चुकीला जागा कमी."
आणि मला आत बसवलं. "दे रेस."

खालची रबरी नळी
उभ्या गाडीत कशी गोल, सालस!
मी पाय दाबला आणि ती चपटी झाली,
रिकाम्या बाटलीतून ओढणाऱ्या पोराच्या गालांसारखी.
आतल्या स्प्रिंगचा गंज होऊन गेला होता.
तिने झाडूच्या दांड्यावर तार गुंडाळून
नवं वेटोळं केलं, थुंकी लावून आत सरकवलं.
पैसे अर्धेच घेतले. का, तेही कुणी विचारलं नाही.

शनिवारी मासावाला गेलो.
आई मागे, पांढरी नेत्सेला डोक्यावरून,
मांडीवर पुठ्ठा.
येताना चढावर मी काट्याकडेच बघत होतो.
"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.
नेफासितला थांबवायला लावलं,
उतरून पुठ्ठा खाली सरकवला,
आणि आम्ही कठड्यावर बसून एक पपई संपवली.

मग ती वाकली.
बराच वेळ वाकलेलीच.
"एक," म्हणाली.

आणि गुडघ्यांची धूळ झटकत,
जणू रोजच बोलतो आपण त्यांच्याविषयी,
"त्यांच्या हातात होती तेव्हा
दोन असायचे."