जमेल का?

शंभर फुटी रस्त्यावर, पंक्चरच्या दुकानाला चिकटून
चार टेबलांचं हॉटेल.
भूपाल मगदूमनं पेंटरला नाव फोनवर सांगितलं होतं : जमैका.
पेंटर कुपवाडचा. ऐकू आलं तसं लिहिलं,
पिवळ्या पत्र्यावर हिरव्या अक्षरांत,
आणि प्रश्नचिन्ह स्वतःच्या पदरचं :
जमेल का?
परत रंगवायचे बाराशे म्हणाला.
भूपाल म्हणाला, राहू दे. बरोबर विचारलंयस.

मी दूध संस्थेत आहे, बुधगावात. दोन्ही वेळा
फॅट काढते, डिग्री लावते,
आकडा सांगताना समोरच्याकडे बघत नाही.
बावीस वर्षांत माझ्या पदराला, पाकिटातल्या नोटांनासुद्धा
तो एकच वास.
गुरुवारी दुपारी मी इथं येते,
इथं दुधाचा थेंब नाही.
तूप नाही, ताक नाही, मधही नाही.
पहिल्यांदा विचारलं, हा उपासच की मग?
भूपाल म्हणाला, उपासाला कुणी एवढं खातं का?
आणि हसला. खातात म्हणा.

नारळाच्या रसात शिजलेला भात, आत तांबडा घेवडा.
अळू, पण चिंचगुळाचं फदफदं नव्हे,
पानओव्याचा वास असलेलं, जरा उग्र.
कोळशावर सालासकट काळा केलेला नीरफणस.
तो मालवणहून एसटीनं येतो,
आणि कधीकधी येत नाही.
शेजारी वाटीत पिवळ्या मिरचीची चटणी.
ती मिरची दाराशी, डिस्टेंपरच्या बादलीत,
सुरकुतलेली, चेपलेल्या टोपीसारखी.
लवंगीवर वाढलेल्या माणसानंही
तिच्याशी बेतानं बोलावं.

अकरा वर्षं बोटीवर होता. तळाच्या भटारखान्यात,
खिडकी नसलेल्या.
किंग्स्टनला तापानं फणफणला, बोट पुढं गेली.
धक्क्यावरच्या एका म्हातारीनं नऊ दिवस जेवू घातलं.
तिला मांस चालायचं नाही, दूध नाही, मीठसुद्धा नाही.
'अळणी?' मी विचारलं.
'अळणी. पण इथं अळणी विकलं
तर टेबलासकट कृष्णेत टाकतील मला.'

घरी आला तर आई. तिला कांदा चालत नाही,
बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर काहीच नाही.
दूध मात्र चालतं.
म्हातारीला कांदा चालायचा, दूध नाही.
'दोघींना एका टेबलावर बसवायचं,' भूपाल पुसता पुसता म्हणाला,
'तर वाढायचं काय, एवढंच बघतोय मी.
कच्चं केळ चालतं. नारळ चालतो. सुंठ चालते.
पुढं अजून सुचलं नाही.'
म्हातारी गेली असेल आता. पत्ता नव्हताच.
कोपऱ्यातलं टेबल तो साडेपाचपर्यंत
कुणाला देत नाही.

मला कुणी सांगितलेलं नाही दूध सोड म्हणून.
सोडलेलंही नाही. सकाळचा चहा असतोच.
फक्त एकदा, नांद्र्याला, गोठ्यात
भुसा भरलेलं रेडकू पाहिलं होतं,
शिवणीचा दोरा पोटाखाली लोंबत होता.
म्हैस त्याला चाटत होती
आणि पान्हा सोडत होती.
त्या दुधाला फॅट सात पॉइंट दोन लागलं.
मी तसंच लिहिलं.

आज तालमीतला एक पोरगा आला, कान चुरगळलेले.
चटणी चमच्यानं खाल्ली, खीर असल्यासारखी.
मग गप्प. मग डोळे. मग घाम.
'मामा, ताक!'
भूपालनं पत्र्याकडे बोट दाखवलं.
पोरगं वर बघून वाचायला लागलं, मोठ्यानं,
अडखळत, जिभेला धरून,
आणि पंक्चरवाल्यासकट सगळे हसलो.
मग त्याला शहाळं दिलं. उपयोग झाला नाही फारसा.
म्हणाला, अजून भात वाढा.

साडेचार वाजलेत. मला पाचला मशीन लावायचंय.
ओठ अजून चुणचुणतायत.
बाहेर चप्पल घालताना दिसलं,
भूपालची आई रिक्षातून उतरतेय,
एका हातानं निऱ्या धरून,
दुसऱ्या हातात स्वतःचं ताट.