दुसऱ्या गिअरमधला ठोका

बियाणे कंपनी बुडाली. तिच्या लिलावात
वजनकाटा आणि गोदरेजच्या सहा कपाटांनंतर
ही निघाली : लाल, दोन सीटांची, टपाऐवजी ताडपत्री,
शहाण्णव सालची, जपानी.
बोली माझ्याशिवाय कोणी लावली नाही.
सिव्हिलमध्ये ईसीजी काढणाऱ्या बाईला
असली गाडी कशाला, असं कॉलनीनं एकदा विचारलं.
मी अजून विचारतेय.

ठोका मार्चमध्ये सुरू झाला.
सकाळी नाही. गार असताना नाही.
अंबड चौफुली ओलांडून अंग तापलं की
टक्. टक्. टक्टक्.
दुसऱ्या गिअरमध्ये, पाय जरा उचलला की जास्त.
तिसरा टाकला की गायब,
पंगतीचं बिल आल्यावर व्याही होतो तसा.

कोणी म्हणालं पेट्रोलात घासलेट. कोणी म्हणालं टॅपेट.
शोरूमच्या पोरानं कॉम्प्युटर लावायला भोक शोधलं,
सापडलं नाही, तरी म्हणाला :
कनेक्टिंग रॉड. इंजिन खोलावं लागेल. नव्वद हजार.
आकडा इतका हळू सांगितला
जसं आम्ही नातेवाइकांना बाहेर नेऊन सांगतो.

मुनीरमिस्त्रीचं गॅरेज कदीम जालन्यात.
त्याआधी बावीस वर्षं रोलिंग मिल,
डावा कान तिथंच राहिला.
मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला.
त्यानं उलटा-पालटा करून पाहिला, कौतुकानं परत दिला.
"हे माणसायसाठी, म्याडम. माणूस लबाड बोलतंय,
म्हणून नळी लागती."
मग लांब पेचकस घेतला.
टोक इंजिनच्या अंगावर,
मूठ दातांत,
डोळे बंद.

जबड्यानं ऐकत होता तो.
वरच्या झाकणावर : मान नाही.
बाजूला : नाही.
तुळश्या चालू इंजिनच्या प्लगच्या वायरी उपटत गेला,
हातात रबरी मोजा, तरी दोन झटके खाऊन हसला.
पहिली काढली, ठोका तसाच.
परत बसवली. दुसरी. तिसरी.
चौथीला गाडी थरथरली,
ठोका तसाच.
"रॉड असता तर दबला असता," मिस्त्री पेचकसाच्या आडून बोलला.
"नव्वद हजार वाचले. तुळश्या, च्या सांग."

मला परतूरचा म्हातारा आठवला, गेल्या सोमवारचा.
कागदावर रेघ एकदम नीट, शाळकरी अक्षरासारखी,
आणि तो हात छातीवरून काढीना.
तीनदा इलेक्ट्रोड बदलले.
मग कळलं, बरगडी.
घरच्याच गोऱ्ह्यानं ढुसणी दिली होती
आणि सुनेसमोर सांगायची लाज.

पेचकस खाली खाली घसरत
पुढच्या पुलीपाशी थांबला.
मिस्त्रीची मान ठोक्याबरोबर हलायला लागली.
"बंद कर."

बोल्टला पाना लावला. पाव आटा फिरला.
पाव.
आत पुलीची खाच झिजलेली, करंगळीच्या नखाएवढी.
तेवढ्याशा जागेत
येता-जाता डोकं आपटत होती ती पुली,
आणि आम्ही सगळे इंजिनाच्या नावानं रडत होतो.

मिलच्या भंगारातला तुकडा कानशीनं घासून
त्यानं नवी चावी केली. घासताना बोलला नाही.
अकराशे रुपये. चहा त्याचा.

संध्याकाळी मंठा रस्त्याला लागले.
दुसरा गिअर. पाय उचलला. काही नाही.
तिसरा, परत दुसरा. काही नाही.
ताडपत्री मागं टाकली, सरकीच्या ढेपेचा वास आला,
आणि मागून, डाव्या अंगाला, अगदी बारीक :
टिक्.

वळवली.
मिस्त्री निरम्यानं हात धूत होता.
उजवा कान पुढं करून ऐकलं.
"हा होताच की. मोठा त्याला बोलू देत नव्हता."
काढायचा का, मी विचारलं.
त्यानं हात झटकले, शटरची कडी पाहिली.
"दिवाळीनंतर आणा. यानं कुणी मरत नाही."