खिडकीचा मांडा

आखाजीला त्याला हमखास डबल ड्युटी लागते.
अमळनेर-चोपडा, चोपडा-अमळनेर.
खिडक्यांना डोकं टेकलेल्या लेकीबाळी,
मांडीवर घामेजून झोपलेली पोरं,
सगळ्यांना ज्यांच्या त्यांच्या फाट्यावर उतरवतो
आणि आरशात बघून म्हणतो, "सावकाश वं माय, सावकाश."
म्हणून आमच्या घरी सण
दुपारी चारला होतो.

सकाळी घागर भरली. वर खरबूज, दोन आंबे,
सासऱ्यांच्या नावाने.
आंबे ठेवण्याआधी देठाशी हुंगून पाहिले मी.
ते असते तर त्यांनी आधी मला हुंगायला लावले असते,
मग स्वतः हुंगले असते,
आणि मग आंबेवाल्याला शिव्या दिल्या असत्या.
यंदा शिव्या कुणी दिल्या नाहीत.
आंबे गोड निघाले.

खापर शेजारच्या सिंधुताईंचं.
देताना म्हणाल्या, डाव्या अंगाला तडा आहे,
तिकडे जाळ कमी ठेव.
बावीस वर्षं झाली लग्नाला
तरी मांडा माझ्या हातांवर धड मोठा होत नाही.
म्हणजे होतो,
मनगटावरून कोपरापर्यंत सरकतो,
आतलं पुरण चंद्राच्या खळ्यासारखं पसरत जातं,
मला वाटतं, जमलं,
आणि तेवढ्यात फाटतो.

नणंद कुरडया तळत होती.
आदल्या दिवशी भावाच्याच गाडीने आलेली,
तिकीट काढून.
"टाक तसाच," म्हणाली, "खापरले काय कयस?"
तसाच टाकला.
खापराला खरंच काही कळलं नाही,
भाजून दिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आला.
खाकी शर्टावर मिठाच्या रेघा,
खिशात कागदात गुंडाळलेली एक सांजोरी.
कुठल्याशा फाट्यावर
लेकीला घ्यायला आलेल्या बाईने
खिडकीतून आत दिली म्हणाला.
नाव विचारलं नाही. मागची गाडी हॉर्न मारत होती.

पाच जण, एक सांजोरी.
नणंदेने सुरीने केले तुकडे,
आणि जो जरा मोठा झाला
तो कुणालाच घेववेना,
शेवटी मुंगीच्या रांगेजवळ ठेवला.

मग पानं.
रशीचा ठसका, भात, पातळ होत चाललेलं तूप.
वीज गेली. पंखा दोनदा हळूच फिरून थांबला.
कुणी उठलं नाही.
मोहितने पहिलाच मांडा दोन्ही हातांनी उचलला,
भोकातून बापाकडे पाहिलं,
"हाऊ ते खिडकीना मांडा शे!"
बापाने मांडा घेतला, ताटात पसरला,
आणि त्या भोकात रस ओतला.
रस तिथेच राहिला, गोल,
कडेला पुरणाचा बांध.
वाटी लागली नाही.
मग सगळ्यांनाच फाटका हवा झाला,
माझा मोठा, तुझं भोक लहान,
चौदा वर्षांची तेजल सुद्धा भांडली,
जिला एरवी ताटावर बोलायचं नसतं.

मी शेवटी बसले.
टोपलीत तळाशी फडक्याखाली
एकच मांडा होता, अख्खा,
चहूबाजूंनी सारखा, कागदासारखा,
माझ्याच हातचा, पण मला आठवेना केव्हा झाला.
नणंद दुसरीकडे बघत होती.
तिने दडवला होता.

मी त्याची चौघडी घातली.
उघडली.
परत घातली.
मग मधोमध फाडून अर्धा तिच्या ताटात टाकला,
ती "नको नको" म्हणत
रसाची वाटी पुढे ओढत होती.

साडेसहाला त्याची फेरी.
जाताना पाणी प्यायला तो घागरीपाशी थांबला,
आठवलं तसा मागे वळला,
माठातलं प्यायला.

खापर घासून पालथं घातलं.
रिकामं भांडं परत करत नाहीत,
पण खापरात काय ठेवणार?
दोन आंबे पदरात घेतले,
खापर कडेवर,
आणि दारातल्या उजेडात तडा बघितला.
होता तेवढाच होता.