फाटकं

कार्काबोसोच्या चर्चच्या ओसरीला
खांब म्हणून उभे आहेत रोमन मैलाचे दगड.
त्यांतल्या एकाला टेकवून
मी चाकांत हवा भरली.
पोस्टाची पिवळी सायकल.
कचेरीने मोडीत काढली तेव्हा मीच घेतली होती,
सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं तिच्यावरूनच वाटली.

बेनिताने कॉफी ठेवत विचारलं, शिक्का मारू?
माझ्याकडे यात्रेकरूंची ती घडीची वही नव्हती.
म्हटलं, सांतियागो वगैरे काही नाही,
एकच टप्पा. आल्देआनुएवापर्यंत.
तिने पावाच्या कागदावरच शिक्का उमटवला
आणि स्वच्छ टेबल बराच वेळ पुसत राहिली.
आल्देआनुएवात माझं कोण राहतं,
हे इथे माहीत नसलेलं
नुसतं तान्हं मूल असेल.

पहिलं फाटक तारेचं. पाटी: लावून घ्या, गुरं आहेत.
कडी खुंटावरून उचलायची,
सायकल आत घ्यायची,
वळायचं, खांद्याने खुंट रेटायचा,
कडी पुन्हा चढवायची.
आणि शंभर पावलांवर
लावली की राहिली?
दुसरं लोखंडी, कुरकुरणारं.
तिसऱ्याला बुटाची नाडी बांधलेली.
सातव्यानंतर मोजणं सोडलं.

आईच्या वावरात, बरोब्बर मधोमध,
एलादिओने असंच एक घातलं होतं.
फक्त त्याला कुलूप होतं.

ओकच्या रानात सावली तुकड्यातुकड्यांनी मिळते.
काळी डुकरं मान वर करून बघतात, परत खायला लागतात.
बूच सोललेली झाडं कमरेपर्यंत लाल,
आणि बुंध्यावर पांढऱ्या रंगात
सोलल्या सालाचा शेवटचा आकडा.
नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही,
तेवढ्यात साल परत भरते.
मी एका आकड्यापाशी पाय टेकला.
बोटांवर हिशेब केला.
मग पाणी प्यायले, उगाचच,
तहान नसताना.

कापाऱ्याची कमान माळावर एकटी,
चारी बाजूंनी उघडी.
शहर गेलं, बाजार गेला, न्हाणीघरं गेली,
ही राहिली, आणि हिला कुठेच कडी नाही.
खाली एक डच माणूस टाचेला पट्टी लावत बसला होता.
किती दिवसांची यात्रा? त्याने विचारलं.
आजची, मी म्हटलं.
त्याला वाटलं मला स्पॅनिश नीट येत नाही,
म्हणून त्याने हळू हळू पुन्हा विचारलं.

पुढे काट्याने चाक बसवलं.
थिगळं होती, गोंद वाळून दगड झालेला.
मग ओढ्यातून, धुळीतून, महामार्गाच्या कडेने
सायकल हातात धरून.
पिवळे बाण मला काही सांगत नव्हते;
वाट मला पाठ होती,
लहानपणी दोघं एकाच दांडीवर बसून यायचो.
चढावर तो उतरायचा. नेहमी तोच.

छोट्या पुलापलीकडे, गल्लीच्या टोकाला,
तो घेवडा सोलत बसला होता.
केस गेलेत.
आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा चाकाकडे.

फाटकं लावलीस?
सगळी.

तो आत गेला.
आला तो जस्ताचं घमेलं घेऊन, आईचं,
जे वाटणीत माझ्या यादीत होतं.
मी काही बोलले नाही.
त्याने पाणी ओतलं, ट्यूब बुडवली,
आम्ही दोघं वाकलो, कपाळाला कपाळ लागेल इतके.
त्याच्या अंगाला अजून मेंढ्यांचा वास येतो.
बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.
इथे, तो म्हणाला, अंगठा दाबून.

थांब, मी म्हटलं,
पलीकडे अजून एक आहे.