उतारा

रत्नव्वा मगदूम, वय बावन्न, निपाणी.
गालाच्या आतला खरवड, काच क्रमांक एकशे सोळा.
अठ्ठावीस वर्षं विड्या वळल्या, हे फॉर्मवर आहे.
रोज पहाटे मशेरी,
हे तिनं सांगितलं नाही, दातांनी सांगितलं.

टिळकवाडीच्या लॅबमध्ये दुपारी पंखा तेवढा बोलतो.
काच रंगात बुडवते, धुते, पुन्हा बुडवते.
पेशींचं अंग शेंदरी होतं, कुठं फिकट हिरवट,
आणि मधोमध एकेक निळा थेंब :
केंद्रक.
हुक्केरी डॉक्टर म्हणतात, "आधी काठ बघ, मालन.
काठ बोलतो."

बाहेर बाकावर रत्नव्वा पोराला विचारते,
"एन अंताळ ती बाई?"
पोरगा मराठीत उत्तरतो.
दोघांनाही त्यात काही ओलांडल्यासारखं वाटत नाही.

काठ म्हणजे एक पडदा नव्हे, दोन,
मध्ये अरुंद पोकळ बोळ.
बाहेरचा तसाच पुढं पसरत जातो पेशीच्या घड्यांत,
गावातलं शेवटचं घर कुठलं
हे जसं नक्की सांगता येत नाही.
आणि दोन्हींना आरपार दारं. हजारो.
प्रत्येक दाराशी आठांचं कडं.
माझ्या भिंगाला ती दिसत नाहीत,
पुस्तकावर भरवसा ठेवून मी ती तिथं धरते,
एसटीत डोळा लागला तरी
कोगनोळीचा नाका येऊन गेला असं धरते तसं.

बारीकसारीक कण न विचारता जातात.
मोठ्याला चिठ्ठी लागते,
स्वतःच्याच अंगावर लिहिलेली, चार-पाच अक्षरांची :
मला आत न्या.
ती वाचणारा त्याला खांद्यावर घेतो, आत सोडतो,
आपण परत येतो.

मूळ दस्त मात्र बाहेर पडत नाही.
माझे वडील चिकोडीच्या कचेरीत नकलनवीस.
म्हणायचे, बाड हलवायचं नाही,
मागेल त्याला उतारा द्यायचा.
पेशीतही तेच.
आत उतारा लिहितात, त्याच लिपीत, एक अक्षर तेवढं बदलून,
मधला पसारा कापतात,
डोक्यावर टोपी, मागं शेपूट,
आणि दारातून बाहेर.
भाषांतर बाहेर होतं.
हे मला कॉलेजात वेगळं शिकवावं लागलं नाही.
आमची आई मामाशी कन्नडात भांडायची,
देवाशी मराठीत.

एकशे सोळा.
बहुतेक काठ गोल, नितळ.
मग डाव्या कोपऱ्यात सहा-सात पेशी :
केंद्रक फुगून पेशीभर,
काठाला खाचा, कात्री चुकलेल्या विडीच्या पानासारख्या,
आतलं सूत गाठाळून काळं.
भिंग बदलते.
तेच.

काठ मोडणं हा आजार नव्हे, हेही सांगायला हवं.
दुभंगताना पेशी आपला पडदा आपणच विरवते,
बाड उघड्यावर येतं, दोन वाटण्या होतात,
आणि दोन्हींभोवती नवा काठ शिवला जातो.
ना मोर्चा, ना बंद.
आजार निराळा.
त्यात काठ असतो, पण वाकडा,
आणि आतला मजकूर थांबायचं विसरलेला.

अहवाल इंग्रजीत जातो.
रत्नव्वा खिडकीशी येते. "काय न्हाई न्हवं, बाई?"
कुठल्या भाषेत सांगायचं ते लगेच ठरतं,
शब्द ठरत नाहीत.
"एक बारका तुकडा काढून बघायला लागंल.
आणि मशेरी आजपासून बंद."

ती पदर तोंडाशी धरून हसते.
"बंद करतो की. पण तलफंवर उतारा काय?"

मी काच पुसते, आधीच पुसलेली.
पोरगा एसटीची वेळ विचारतो.